आंब्याची पेटी आपल्याला कितीला पडते?

फाल्गुन सरत आला की रत्नागिरीच्या एस. टी. स्टँडवर, सोसायटीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न कानावर येतो, “वाशीला काय भाव लागला?” ज्याच्या पेटीला चढा भाव लागला तो हुशार बागायतदार आणि ज्याला उतरता लागला तो बिचारा कमनशिबी, असे आपण ठरवूनही टाकतो. पण “तुमची पेटी तुम्हाला कितीला पडली?” असे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलेच, तर पुष्कळांना उत्तर देता येणार नाही.

गावातल्या वाण्याला विचारा. साखरेचे पोते दुकानात येऊन पडेपर्यंत किलोमागे किती पैसे लागले, हे तो पाठ म्हणून दाखवील. आपण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा धंदा करतो; वर्षाला लाख-दीड लाख रुपये मातीत घालतो, आणि हिशेब मात्र खिशातल्या चिठ्ठीवर किंवा डोक्यात ठेवतो. भाव ठरवणे आपल्या हाती फारसे नाही. खर्च मात्र बराचसा आपल्या हाती आहे. म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, आज थोडा हिशेब करू. मोठमोठ्या कारखान्यांत पगारी माणसे ठेवून जो खर्चाचा हिशेब मांडतात तोच हा. तो सातवी शिकलेल्या कोणालाही जमतो.

खर्चाचे दोन खण

पहिली गोष्ट, सगळा खर्च एका जातीचा नसतो. काही खर्च असा, की आंबा लागो वा न लागो, तो व्हायचाच. बेणणी, शेणखत, फवारण्या, राखणीला ठेवलेला गुरखा, पंपाची झीज, कर्जाचे व्याज. याला बांधलेला खर्च म्हणू. दुसरा खर्च मालाबरोबर वाढतो आणि मालाबरोबर घटतो. काढणी, निवड, खोके, पेंढा, गाडीभाडे, हमाली. याला चालता खर्च म्हणू.

आता पन्नास कलमांची एक बाग धरू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही त्या जागी तुमचे घाला. बेणणी व खत ३०,००० रु., फवारण्या मजुरी धरून ६०,०००, राखण ४०,०००, पंप-कुंपण-अवजारांची झीज १०,००० आणि कर्जाचे व्याज १०,०००. बांधलेला खर्च झाला दीड लाख. चालता खर्च पाच डझनी पेटीमागे असा: काढणी व निवड १५० रु., खोके-पेंढा १००, वाहतूक-हमाली १५०. एकूण ४०० रुपये.

झीज म्हणजे काय, ते सांगायला हवे. तीस हजारांचा फवारणी पंप सहा वर्षे चालत असेल तर दरवर्षी त्यातले पाच हजार रुपये आपण वापरून टाकतो. ते पैसे त्या वर्षी खिशातून जात नाहीत, म्हणून हिशेबातही येत नाहीत. मग सातव्या वर्षी पंप बंद पडला की सोसायटीच्या दारात उभे राहावे लागते.

तोंडमिळवणी कुठे होते?

समजा, पेटीला सरासरी १,४०० रुपये मिळतात. त्यातून चालता खर्च ४०० वजा केला की हजार रुपये उरतात. हे हजार रुपये दीड लाखाचा बांधलेला खर्च फेडायला येतात. म्हणजे १५० पेट्या गेल्या की तोंडमिळवणी झाली. एकशेएक्कावन्नाव्या पेटीपासून पुढे नफा.

बागेने २५० पेट्या दिल्या तर एक लाख रुपये उरले आणि पेटी आपल्याला हजार रुपयांना पडली. पण कलमाला एक वर्षाआड फळण्याची खोड आहे. पुढच्या वर्षी १२० पेट्याच निघाल्या, तर तीच पेटी १,६५० रुपयांना पडते आणि तीस हजारांचा खड्डा पडतो. तुटवड्याच्या वर्षी भाव चढतो हे खरे. पण जिल्हाभर आंबा भरपूर आणि तुमचीच बाग रिकामी असली तर भाव कशाला चढेल? यासाठी बागेचा नफा-तोटा एका वर्षावरून पाहू नका. निदान चार वर्षांची सरासरी काढा आणि भरल्या वर्षीचे पैसे रिकाम्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

गेले ते गेले

मोहोर चांगला आला, चार फवारण्या झाल्या आणि अवकाळी पाऊस पडला. तुडतुडे वाढले. आता पाचवी फवारणी करावी का? अशा वेळी आपण म्हणतो, “इतके पैसे घातले, आता मागे कसे हटायचे?” इथेच घर बुडते. घातलेले पैसे फवारणी केली तरी परत येत नाहीत आणि न केली तरी येत नाहीत. प्रश्न पुढच्या रुपयाचा आहे.

पाचव्या फवारणीला दहा हजार लागणार असतील आणि पेटीमागे हजार रुपये उरत असतील, तर त्या फवारणीने दहापेक्षा जास्त पेट्या वाचायला हव्यात. तीस वाचणार असतील तर आजच पंप काढा. पाचच वाचणार असतील तर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. किती वाचतील हे झाडाखाली उभे राहूनच ठरवावे लागेल. शंका असेल तर कृषी खात्याच्या माणसाला किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला विचारा. हे विद्यापीठ १९७२ साली याच कामासाठी निघाले आहे.

वाशी की कॅनिंग?

मे महिन्यात भाव गडगडतात. पेटी हजाराला पडली आणि वाशीत ७०० मिळतात, तर पाठवणे थांबवावे का? पुष्कळजण चिडून थांबवतात. पण राखण आणि फवारणी कधीच होऊन गेली. आता फक्त ४०० रुपये नवे घालायचे आहेत आणि ७०० यायचे आहेत. तीनशे रुपये घरी येत असतील तर ते सोडू नका.

मात्र शेजारी दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, कॅनिंगचे. पाच डझन फळे सुमारे पंधरा किलो भरली आणि किलोला ३० रुपये मिळाले, तर ४५० रुपये झाले. खोके नाही, पेंढा नाही, वाशीचे भाडे नाही. काढणी आणि जवळची वाहतूक मिळून २०० रुपये. उरले २५०. म्हणजे वाशीत ७०० असताना वाशी बरी. भाव ६५० च्या खाली गेला की कॅनिंग बरे. हा आकडा हंगामाआधीच काढून भिंतीवर लिहून ठेवा. ऐन धांदलीत डोके चालत नाही.

वाशीहून पट्टी आली की नुसता शेवटचा आकडा पाहू नका. राज्य शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. तेव्हा पट्टीतली एकेक वजावट वाचा, कशाची ती विचारा आणि पट्ट्या दलालवार सुईदोऱ्यात ओवून ठेवा.

२०२० सालच्या टाळेबंदीत अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट आंबा पोचवला. रस्ता चांगला आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावालाही आधार आला आहे. पण थेट विक्रीचा भाव सांगताना फोन, आढीतली मजुरी, दारोदारचे भाडे, साका निघाला म्हणून बदलून दिलेली फळे आणि बुडालेली उधारी यांचाही हिशेब सांगा. ते वजा जाता जे उरेल त्याची वाशीशी तुलना करा. परदेशाच्या भावाचेही तसेच. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला आणि ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. मधला एक हंगाम गेला. एकाच गिऱ्हाइकावर सारे घर टांगू नये.

घरच्या हातांची किंमत

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मघाचा एक लाख रुपये नफा खरोखर नफा आहे का? घरच्या बाईने दिवसभर फळे निवडली, रात्री अकरापर्यंत पेट्या भरल्या, पहाटे उठून गाडीवाल्याला चहा केला. तिच्या श्रमाचा रुपया कुठे लिहिला? दोघा माणसांचे साठ-साठ दिवस, रोजी ४०० रुपये धरली तर ४८,००० होतात. म्हणजे एका लाखातले जवळजवळ निम्मे मजुरीचेच पैसे आहेत. जमिनीचे आणि घातलेल्या भांडवलाचे उरले ५२,००० रुपये.

शेतीचा खर्च धंद्यासारखा मोजावा हा विचार नवा नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळांनी सहकाऱ्यासह वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी केली, ती १९४० साली छापून निघाली. पुढे शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले. १९७९ साली त्यांनी शेतकरी संघटना उभारली आणि १९८० च्या कांदा आंदोलनात उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी गावोगाव पोचवली. सरकारचा कृषिमूल्य आयोगही खर्च पायरीपायरीने मोजतो. आधी हातून गेलेला खर्च, त्यावर घरच्या माणसांची मजुरी, आणि त्याही वर स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज. हमीभावाचे भांडण याच पायऱ्यांवर चालते. आंबा मात्र हमीभावाच्या यादीत नाही. आपला हिशेब दुसरे कोणी मांडून देणार नाही.

बाग कराराने द्यावी का?

समजा, व्यापारी म्हणाला, “खत, फवारणी, राखण सारे माझे, तुम्हाला वर्षाचे नव्वद हजार.” यातून झीज आणि व्याजाचे वीस हजार आपल्याकडेच राहतात. हाती उरले सत्तर हजार. भरल्या वर्षी स्वतः केली तर एक लाख, पण १२० दिवसांच्या घरच्या श्रमांसह. म्हणजे जादा तीस हजारांसाठी १२० दिवस, रोजी २५० रुपये. त्या दिवसांत बाहेर यापेक्षा जास्त रोजी मिळत असेल तर करार बरा. दुसरे कामच नसेल तर स्वतः केलेली बरी. आणि रिकामे वर्ष धरले तर? एक लाख नफा आणि तीस हजार तोटा, सरासरी वर्षाला पस्तीस हजार. इथे कराराचे पारडे एकदम जड होते.

पण वहीत न दिसणारी एक बाब आहे. व्यापाऱ्याला या वर्षाचे फळ हवे असते. आपल्याला नातवाच्या काळापर्यंत झाड हवे असते. फळ धरण्यासाठी कल्टार प्रमाणाबाहेर ओतले, खत मात्र घातले नाही, तर पाच-सात वर्षांत कलम खंगते. ते परत उभे करायला लागणारी वर्षे आणि पैसे हा कराराचाच खर्च समजा. म्हणून करार तोंडी करू नका. औषधे कोणती व किती, खत किती, फांद्या मोडल्यास भरपाई काय, पैसे कोणत्या तारखेला, हे सारे कागदावर घ्या. लेखी द्यायला जो तयार नाही, त्याच्या नव्वद हजारांना भुलू नका.

वही अशी ठेवा

शंभर पानी एक वही पुरे. मृगाला सुरू करा, मे संपता बंद करा. पहिल्या भागात रोजचे काम: तारीख, काम, माणसे किती, त्यांत घरची किती. दुसऱ्यात रोख खर्च. तिसऱ्यात विक्री, पट्टीप्रमाणे. चौथ्यात पंप, कुंपण, झेले, जाळ्या यांची किंमत आणि त्या किती वर्षे टिकतील तो अंदाज. घरी खाल्लेला आणि पाहुण्यांना दिलेला आंबाही लिहा. तो आनंदाने द्यावा, पण किती दिला ते ठाऊक असावे. रोज रात्री दहा मिनिटे लागतात. घरच्या बाईने किंवा हायस्कुलातल्या मुलामुलींनी वही सांभाळली तर फारच उत्तम, कारण मग पैशाच्या निर्णयातही त्यांना विचारावे लागते.

पहिल्या वर्षी आकडे अर्धेमुर्धे राहतील. राहू द्या. दुसऱ्या वर्षी तुम्हाला कळेल की कोणत्या कोपऱ्यातली दहा कलमे नुसती खात आहेत, कोणत्या दलालाकडे वजावट जास्त आहे आणि घरात कोणाचे श्रम फुकट जात आहेत. पुढच्या वेळी व्यापारी अंगणात येऊन बसेल तेव्हा त्याच्यासमोर चहा ठेवा आणि चहाशेजारी वही ठेवा. मग बोलणे सुरू करा.