एकोणसत्तर पेंड्या

म्हशींसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला गेले तेव्हा ती पहिल्यांदा दिसली. खोपीच्या दारात पेंड्या रचत होती आणि रचता रचता मोजत होती, "इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, इप्पत्मूरु..." नऊ-दहा वर्षांची असेल. कडेवर धाकटा भाऊ, त्याच्या तोंडात उसाचं कांडं. मी शेकड्याचा भाव विचारला. तिनं आईला हाक मारली. आईनं हसून दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली, मग मिटली, पुन्हा उघडली. भाव मला कळला नाही, पण बाई मराठीत अडकते एवढं कळलं.

आमचं शिवार रेठरे बुद्रुक आणि शेणोलीच्या मधलं, कृष्णाकाठचं. अजून थोडं खाली गेलं की सातारा जिल्हा संपून सांगली लागते. दिवाळी झाली की साखर कारखान्याची शिट्टी ऐकू येते आणि मोकळ्या रानात खोप्या उभ्या राहतात. बांबूच्या ताट्या वाकवून वर बांधायच्या, त्यावर पाचट, त्यावर काळा कागद. आत शिरायचं ते गुडघ्यात वाकून. चूल बाहेर, बैल दावणीला, आणि पुढचे पाच महिने हेच घर. यंदा ऊसतोडणीची एक टोळी बीडकडची होती आणि चार-पाच बिऱ्हाडं जतच्या पूर्व भागातली, उमदीच्या अंगाची. म्हणजे जिल्हा सांगलीच, पण घरात कानडी. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतची चाळीस गावं कर्नाटकात घेण्याचा विषय काढला, तेव्हा चार दिवस वाहिन्यांवर जत गाजलं. त्या गावांचं मूळ रडगाणं पाण्याचं. पाणी नाही म्हणून तर ही माणसं आमच्या पाण्याच्या रानात येऊन राहतात.

पोरीच्या पिशवीत बालभारतीचं पुस्तक होतं. ओळखीच्या चित्रांचं, पण आतली अक्षरं गोलगोल, कानडी. जतला जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, तिथं ती तिसरीत. पूर्वी तोडकऱ्यांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरायच्या. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आला आणि मुलं जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवायची असं ठरलं. त्यासाठी हमी कार्ड असतं, ते दाखवलं की दाखल. ही दाखल झाली ती मराठी शाळेत.

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "ऊठ." ही पिशवीतून डबा काढायला लागली. कानडीत ऊटा म्हणजे जेवण. वर्ग हसला. हे तिनंच मला पुढं महिन्याभरानं सांगितलं, तेव्हा ती स्वतःही हसत होती. तोवर तिचा माझ्याकडं येण्याजाण्याचा रस्ता झाला होता. मी रोज वाढे न्यायची आणि ती मला "आज्जी" म्हणायला लागली होती.

मराठीचं व्याकरण किती छळवादी आहे ते मला या पोरीमुळं कळलं. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या एका लिंगात, सगळं "अदु". आपल्याकडं तो ऊस, ती मोळी, ते पाचट. एकाच गाडीत तिन्ही लिंगं भरलेली. ती विचारायची, "आज्जी, ऊस बाप्या का?" काय उत्तर द्यावं? मी म्हणाले, पाठ कर.

तिनं पाठ केलं ते फडात. फडाची शाळा पहाटे चारला भरते. बाप कोयत्यानं ऊस बुडात, जमिनीला घासून तोडतो, कारण साखर बुडाकडं जास्त आणि खोडकं उंच राहिलं तर शेतकरी ओरडतो. (ओरडणाऱ्यांत आमचं घर आहे.) आई पाचट सोलते, शेंडा उडवते. मग दोन वाढे पिळून त्यांचाच बंध करायचा, ऊस त्यावर आडवा टाकायचा, गुडघ्यानं दाबून गाठ मारायची. ती गाठ मी तीनदा जवळून बघितली आणि तिन्ही वेळा मला मारता आली नाही. पोरगी मारते. बंध पिळताना तिच्या तोंडून "आवळ, आवळ, लै ढिल्ली हाय" असं निघतं, तेही अगदी आमच्या सुरात. शाळेत गुरुजी "आहे" म्हणायला लावतात, फडात "हाय", आणि शेजारच्या बीडच्या बायका तिला "लेकरा" म्हणून बोलावतात. तीन मराठ्या एकदम शिकत होती. शिव्या मात्र सगळ्यांच्या आधी आल्या.

खरी अडचण आकड्यांची. आणि या धंद्यात सगळं आकड्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागं मुकादमानं आगाऊ दिलेली उचल, आणि ती फिटणार टनांनी. जानेवारी 2024 च्या करारानं तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. कानडीत ते सरळ आहे, मुन्नूर अरवत्तारु, तीनशे, साठ, सहा. आपलं सहासष्ट उलटं चालतं, आधी सहा, मग साठ, आणि साठाचाही सष्ट झालेला. त्याहून वाईट एकोणवाले. एकोणसत्तर ऐकलं की तिच्या आईच्या डोक्यात सत्तर बसायचे आणि वर एक.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. दाक्षिणात्य भाषांत संख्या अशाच वाचतात, असं त्या सांगत होत्या. मीही तेव्हा चहा पिता पिता मराठीचं वाटोळं झालं म्हणून हळहळले होते. आता ही पोरगी समोर बसून बोटं मोडत होती, तेव्हा ते आठवून थोडं ओशाळायला झालं.

एका शनिवारी ती बापाबरोबर टायरगाडीवर कारखान्याला गेली. रात्रभर गाड्यांची रांग. बैलांची वैरण संपली, बाप चाकाला टेकून झोपला, ही जागी. पहाटे गाडी काट्यावर चढली. काट्यावरच्या माणसानं वजन सांगितलं आणि बापानं सवयीनं मान हलवली. हिनं चिठ्ठी हातात घेतली, आकडे वाचले आणि बापाला कानडीत सांगितलं. तेव्हापासून बाप चिठ्ठी आधी हिच्याकडं देतो. शाळा त्या दिवशी बुडाली नव्हती, रविवार होता. नंतर मात्र एक-दोन सोमवारही बुडाले.

मी आईला त्यावरून बोलले. ती भाकरी थापत होती. तिकडच्या बोलीत शाळेला साली म्हणतात आणि कर्जाला साल. ती म्हणाली, "अक्का, साल तीरिद म्याल साली." पोरीनं मराठी करून सांगितलं, "उचल फिटली की मग शाळा." सांगून झाल्यावर तिनं आईकडं बघितलं नाही. भावाचं नाक पुसत बसली.

मार्चात फड विरळ झाले. वाढे महागले. शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा गाळप संपून पट्टा पडायला दोन दिवस उरले होते आणि खोपीवरचा कागद अर्धा सोडवलेला होता. पोरीनं पेंड्या मोजल्या, न अडखळता, "सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर." आईला पटलं नाही. तिनं खाली बसून एकेका पेंडीवर हात ठेवत पुन्हा मोजल्या आणि शेवटच्या पेंडीवर थोपटून म्हणाली, "अरवत्तोंबत्तु."

माझ्या मोजणीत अडुसष्ट आल्या होत्या. मी एकोणसत्तरचे पैसे दिले.