बचत गटाचा तक्ता: ऑनलाइन की कॉम्प्युटरवर?

मैत्रिणींनो, आम्ही चेंबूरच्या बचत गटवाल्या. वहीतला हिशेब आता तक्त्यात घ्यायचा, पण तक्ता ठेवायचा कुठे?

गूगल शीट्स फुकट. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघी आपापल्या मोबाइलवर एकच तक्ता बघतात. हप्ता चुकून खोडला तरी जुनी नोंद सापडते. फक्त ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय नको. कुणाचं कर्ज थकलंय ते गावभर कशाला? एकेकीचा ईमेल टाकून परवानगी द्या; लिहायची खजिनदाराला, बाकीच्यांना नुसती बघायची. आणि खातं गटाचं वेगळं काढा, सचिव बदलली की पासवर्ड बदला.

रेंजच नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क. तेही फुकट, इंटरनेटशिवाय चालतं. पण कॉम्प्युटर बिघडला की हिशेब अडकला, म्हणून दर बैठकीनंतर पेनड्राइव्हवर प्रत घ्या. पेनड्राइव्ह मात्र दुसरीच्या घरी.