उडता उडता शिकायचं, पण बेतानं

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत बाराशेहून अधिक छोट्या पंख्यांची एक भिंत आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सून-जो चुंग यांच्या गटाने तिच्यासमोर एक ड्रोन उडवला. वारा सेकंदाला 12.1 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी जवळपास 44 किलोमीटर. तरीही इंग्रजी आठच्या आकड्याची वाट तो फारशी सोडत नव्हता.

असा वारा ड्रोनला नेमका किती ढकलेल, याचं अचूक समीकरण आपल्याकडे नाही. वारा दुप्पट झाला की धक्काही दुप्पट, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. न्यूरल नेटवर्क मात्र नोंदींवरून त्या धक्क्याचा अंदाज बांधू शकतं आणि उडता उडता तो सुधारूही शकतं. येल विद्यापीठातले कुंपती नरेंद्र आणि के. पार्थसारथी यांनी 1990 मध्ये यंत्रांच्या नियंत्रणासाठी ही वाट मांडली.

पण हवेत असताना स्वतःला बदलणारं यंत्र घातकही ठरू शकतं. 15 नोव्हेंबर 1967 रोजी अमेरिकेचं एक्स-15 हे रॉकेट-विमान सुमारे 81 किलोमीटर उंचीवरून परतताना गिरक्या खाऊ लागलं. वैमानिक मायकेल ॲडम्स गिरकीतून बाहेर आले. मात्र परिस्थितीनुसार आपली तीव्रता बदलणारी नियंत्रण-यंत्रणा कमाल तीव्रतेवरच राहिली. विमानाचं नाक जोरात वरखाली हेलकावत राहिलं, विमानाचे तुकडे झाले आणि ॲडम्स यांचा मृत्यू झाला. त्या यंत्रणेत न्यूरल नेटवर्क नव्हतं, पण धोका हाच.

म्हणून मला या नियंत्रण-शास्त्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते नेटवर्क नव्हे, त्याला घातलेला लगाम. त्याचं मूळ रशियन गणिती अलेक्सांद्र ल्यापुनोव यांच्या 1892 च्या प्रबंधात आहे. वाट किती चुकली आणि शिकण्यात किती चूक उरली, या दोन्हींचं मिळून एकच मोजमाप बनवायचं आणि ते घटत जाईल अशी अट घालायची. शिकण्याचा नियमच या अटीतून काढतात.

कॅलटेकच्या ड्रोनमध्येही मोठं नेटवर्क आधीच, अवघ्या 12 मिनिटांच्या उड्डाण-नोंदींवर तयार केलेलं होतं. हवेत बदलत होते ते फक्त त्याच्या शेवटच्या टप्प्यातले मोजके गुणांक. त्यामुळे चूक ठरावीक मर्यादेत राहील, हे गणिताने दाखवता आलं. अर्थात, नेटवर्कचा अंदाज फार चुकणार नाही, हे त्यात गृहीत आहे. नोंदींत कधीच न आलेल्या वाऱ्यात तो किती चुकेल, हे आधी सांगणं अजूनही अवघडच आहे.