पायांना पुरून कानांत उरणारी लय

मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्या मधोमध विगन नावाचे गाव आहे. एकेकाळी ते कोळशाच्या खाणींवर आणि सूतगिरण्यांवर जगत असे. तिथल्या 'विगन कॅसिनो' या नृत्यगृहात २३ सप्टेंबर १९७३ पासून ६ डिसेंबर १९८१ पर्यंत शनिवारच्या मध्यरात्रीनंतर तरुण कामगार जमत आणि रविवारी सकाळी आठपर्यंत नाचत. कॅसिनो हे फक्त नाव होते. तिथे ना जुगार होता, ना दारू. वाजत त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या साठच्या दशकातल्या सोल संगीताच्या छोट्या तबकड्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या मायदेशीही खपल्या नव्हत्या. नाच वेगाचा असे, गिरक्यांचा आणि उड्यांचा, आणि बूट नीट सरकावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडलेली असे. मात्र रात्र संपवण्याची तीन गाणी ठरलेली होती. 'थ्री बिफोर एट', म्हणजे आठच्या आधीची तीन, हे त्यांचे नाव. त्यांतले मधले गाणे होते जिमी रॅडक्लिफचे 'लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर'. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या जोडीचे हे १९६४ मधले गीत धावत नाही. ते संथ पावलांनी, व्हायोलिनांच्या ताफ्यासह चालत येते. वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या जागेला निरोपाच्या वेळी हे गाणे का लागावे? दुर्मीळ सोलच्या संग्राहकांना मध्यलयीतल्या विरहगीतांचे जे वेड आहे, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. हे वेड म्हणजे वेगाला थकलेल्यांचा विसावा, असा एक समज आहे. माझे म्हणणे असे की ही आवड या चळवळीत पहिल्यापासून होती, आणि ती वाढली तसतशी ही नाचणारी मंडळी अधिक चांगली ऐकणारी झाली.

आधी या जगाचा नियम समजून घ्यायला हवा. 'नॉर्दर्न सोल' हे नाव डेव्ह गॉडिन या पत्रकाराने दिले. लंडनमध्ये त्याचे 'सोल सिटी' नावाचे रेकॉर्डचे दुकान होते. फुटबॉलचे सामने पाहायला उत्तरेकडून येणारी पोरे अमेरिकेतला ताजा फंक मागत नाहीत, त्यांना काही वर्षांपूर्वीचा डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या वळणाचा ठेका हवा असतो, हे त्याच्या ध्यानात आले. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्याच्या सदरातून हे नाव छापून आले. या मंडळींच्या लेखी गाजलेल्या गाण्याला मोल नव्हते. दुसऱ्या कोणाकडे नसलेली, कोणी न ऐकलेली तबकडी वाजवील तो डीजे मोठा. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून तबकडीवरचे लेबल झाकून खोटे नाव सांगण्याची पद्धत पडली. फ्रँक विल्सनचे 'डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)' हे गाणे कित्येक दिवस एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावावर वाजत होते. असा हा दुर्मीळतेचा खेळ, आणि त्याची पहिली अट एकच: पाय हलले पाहिजेत.

मध्यलयीची गंमत या अटीच्या काठावर आहे. विलंबित, मध्य आणि द्रुत ही आपली वाटणी इथे चपखल बसते. कॅसिनोतली द्रुत गाणी मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची किंवा त्याहून चढी असत. मध्यलयीतली नव्वद ते एकशेदहाच्या आसपास रेंगाळतात. इंग्रज संग्राहकांनी त्यांना 'बीट बॅलड' असे नाव दिले, म्हणजे ठेका असलेले भावगीतच म्हणा ना. त्याचा उगम न्यूयॉर्कमध्ये सापडतो. १९५९ मध्ये जेरी लीबर आणि माइक स्टोलर या निर्मात्यांनी ड्रिफ्टर्स या गटाच्या 'देअर गोज माय बेबी'मध्ये कृष्णवर्णीय गायकांच्या मागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला आणि त्याखाली ब्राझीलचा 'बायाँव' ठेका घातला. हा ठेका एक लांब ठोका, लगेच एक छोटा आणि मग एक ठाम, असा अडखळत पुढे सरकतो. त्यामुळे गाणे संथ असूनही ढिले पडत नाही आणि पावलाला धरायला जागा मिळते. पुढे बॅकरॅकने आणि त्याच्या पिढीच्या संयोजकांनी या सांगाड्यावर इमारती चढवल्या. चक जॅक्सनचे १९६२ चे 'एनी डे नाउ' हा त्याचा उत्तम नमुना. शिकागोतही याच वाटेने काम झाले. कर्टिस मेफील्डने लिहिलेले 'इट्स ऑल ओव्हर' १९६४ मध्ये वॉल्टर जॅक्सनने गायले. बालपणीच्या पोलिओमुळे कुबड्यांवर उभे राहून गाणाऱ्या या माणसाचा आवाज मात्र कशाच्याही आधारावाचून उभा राहतो.

गाणे संथ झाले की गायकावरचा भार वाढतो, आणि माझ्या मताचा पाया तोच आहे. द्रुत गाण्यात चारही मात्रांवर ड्रमचा फटका पडत असतो. तो सगळ्यांना ओढून नेतो, सामान्य गायकालाही. शब्द निसटला, स्वर थोडा डगमगला, तरी नाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लय उतरली की दोन ठोक्यांमधली जागा मोठी होते, आणि ती कोणीतरी भरावी लागते. गायक एखादा शब्द मागे खेचून ठेवतो, श्वास ऐकू येतो, ओळीच्या शेवटी आवाज फुटतो की सावरतो हे कळते. चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून आलेले सोलचे खरे बळ इथे उघडे पडते, तसा त्याचा पोकळपणाही उघडा पडतो. नाचणाऱ्याला गिरकीऐवजी तरंगत सरकावे लागते, आणि सरकणाऱ्या माणसाला ऐकायला उसंत असते. आपल्याकडे ठुमरीत लय उतरली की बोल-बनाव खुलतो म्हणतात, तेच हे. द्रुत गाणे पायांना पुरते. मध्यलयीतले पायांना पुरून कानांत उरते.

यावर पहिला आक्षेप वयाचा. सत्तरच्या दशकात नाचणारे आता आजी-आजोबा झाले, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून लय उतरली असे म्हणतात. आजच्या कार्यक्रमांकडे पाहून हे पटण्यासारखे वाटते, पण तारखा जुळत नाहीत. रॅडक्लिफचे गाणे कॅसिनोत वाजत होते तेव्हा समोरची पोरे विशीच्या आतबाहेरची होती. १९८२ मध्ये स्टॅफर्ड इथल्या 'टॉप ऑफ द वर्ल्ड' सभागृहातल्या रात्री सुरू झाल्या आणि तिथल्या डीजेंनी साठच्या दशकातली अज्ञात मध्यलयीची गाणी हट्टाने वाजवली, तेव्हाही नाचणाऱ्यांत पंचविशीतली माणसे भरपूर होती. गुडघे शाबूत असतानाच त्यांनी लय उतरवली. वयाने ही आवड टिकवली असेल. तिला जन्म दिला असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेगवान गाण्यांचा साठा संपला, म्हणून डीजे आणि विक्रेत्यांनी उरलेला माल पुढे केला, असा तो आहे. टंचाई खरी होती, यात वाद नाही. पण टंचाईतून बाहेर पडायच्या वाटा एकाहून जास्त होत्या, आणि प्रत्येक वाट कोणी ना कोणी चालून पाहिली. विगनने वेग राखण्यासाठी सोलशी फारसे नाते नसलेली उथळ गाणीही चालवून घेतली. १९७५ मध्ये 'विगन्स चोझन फ्यू' या नावाने निघालेले 'फुटसी' हे एक जुने वाद्यगीत होते. त्याचा वेग वाढवून त्यात फुटबॉलच्या प्रेक्षकांचा कल्ला मिसळला होता, आणि ते ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोहोचले. दुसरीकडे 'ब्लॅकपूल मेक्का' या नृत्यगृहाच्या हायलँड रूममध्ये इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस या डीजेंनी साठच्या दशकाचा हट्ट सोडून नव्या अमेरिकी रेकॉर्ड वाजवायला घेतल्या. काळ जुनाच ठेवायचा, दर्जाही सोडायचा नाही, फक्त वेगाची अट सैल करायची, ही तिसरी वाट. टंचाईने दार दाखवले असेल, पण तीन दारांतून हेच निवडण्यामागे आवड होती.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे. ही गाणी त्या काळी पडली, याचा अर्थ ती पडण्याच्याच लायकीची होती. दुर्मीळ म्हणजे थोर नव्हे. शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. संग्राहकांच्या पेट्यांत सुमार तबकड्या ढिगाने आहेत. पण बाजारातले अपयश हा गाण्याविरुद्धचा पुरावा होत नाही, हे खुद्द मध्यलयीच्या इतिहासातच दिसते. बेसी बँक्सने १९६४ मध्ये 'गो नाउ' गायले आणि ते मागे पडले; तेच गाणे मूडी ब्लूज या इंग्रज बँडने गायल्यावर १९६५ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. बॅकरॅक-डेव्हिड यांचे 'आय जस्ट डोन्ट नो व्हॉट टु डू विथ मायसेल्फ' टॉमी हंटने १९६२ मध्ये गायले; ब्रिटनमध्ये ते गाजले १९६४ मध्ये, डस्टी स्प्रिंगफील्डच्या आवाजात. गाणी तीच होती. फरक होता तो वितरणाचा, रेडिओवर मिळणाऱ्या जागेचा आणि गायकाच्या कातडीच्या रंगाचा. गावोगावच्या छोट्या कंपन्या काहीशे तबकड्या काढत, स्थानिक रेडिओने वाजवल्या तर ठीक, नाहीतर उरलेला माल गोदामात जाई. अशा बाजाराचा निवाडा अखेरचा मानायचे कारण नाही.

उरला पैशाचा आणि मिरवण्याचा मुद्दा. हा खर्चिक शौक आहे, एकेका तबकडीला शेकडो पौंड मोजले जातात, आणि आपल्या कानाचा दर्जा वरचा हे दाखवण्याची हौसही यात असते. पण नुसत्या मिरवण्याचाच सोस असता तर मध्यलय हा वाईट सौदा ठरला असता. २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेलेली फ्रँक विल्सनची तबकडी चांगली धावती आहे. शिवाय ज्यांनी या संथ गाण्यांचा प्रसार केला त्यांनी ती कुलपात ठेवली नाहीत. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'केंट' या लेबलाने एडी क्रोसडेलच्या पुढाकाराने सेप्टर-वँडसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या टेपा धुंडाळल्या आणि चक जॅक्सन, मॅक्सीन ब्राउन यांची तोवर प्रसिद्ध न झालेली गाणीही स्वस्त एलपींवर आणली. आणि ज्या गॉडिनने द्रुत लयीच्या या छंदाला नाव दिले, त्याने १९९७ पासून 'डीप सोल ट्रेझर्स'चे चार खंड काढले, तेही सगळे विलंबिताकडे झुकणारे. चौथा खंड निघाला त्याच वर्षी, २००४ मध्ये, तो वारला. जाणकाराचा कान कुठल्या दिशेने जातो, याचा याहून स्पष्ट दाखला दुसरा नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला नमते घ्यावे लागते. जुनी तबकडी कितीही पौंडांना विकली गेली तरी गायकाला छदामही मिळत नाही. परवाना घेऊन केलेल्या पुनर्प्रकाशनातून थोडे हाती लागते, आणि काहींना उतारवयात इंग्लंडच्या रंगमंचावर बोलावणे आले. टॉमी हंट तर विगन कॅसिनोतही गायला. रॅडक्लिफच्या नशिबी तेवढेही नव्हते. तो १९७३ च्या जुलैत गेला आणि कॅसिनोचे दार सप्टेंबरात उघडले. आपल्या आवाजावर आठ वर्षे एका परक्या गावाची रात्र संपत होती, हे त्याला कधी कळले नाही. संग्राहकांचे प्रेम ही भरपाई नव्हे. पण गाणे टिकवणे आणि गायकाला न्याय देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांतले पहिले या लोकांनी केले.

ते काम बऱ्याचदा हाताशीच होते. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीला दोन बाजू असतात, आणि एका बाजूला नाचाचे गाणे, दुसऱ्या बाजूला संथ, असा त्या काळी सर्रास रिवाज होता. मुख्य बाजू कोणती हे कंपनी ठरवी, आणि कंपनी चुके. ग्लोरिया जोन्सचे 'टेंटेड लव्ह' १९६५ मध्ये दुसऱ्याच बाजूला छापले होते, पुढे ते अवघ्या जगाला माहीत झाले. वेगवान बाजूसाठी घेतलेल्या कित्येक तबकड्या वर्षानुवर्षे पेटीत पडून होत्या, आणि त्यांची दुसरी बाजू मालकानेही मन लावून ऐकलेली नव्हती. मध्यलयीच्या वेडाला त्यामुळे दरवेळी अटलांटिक ओलांडून जावे लागले नाही. कधीकधी तबकडी उलटून सुई पुन्हा ठेवली, आणि या वेळी गाणे संपेपर्यंत उभे राहिले, तरी पुरे झाले.