एकाच भट्टींतील तोफ आणि चिलखत

वडिलोपार्जित मिळकत अविभक्त राहावी, ही इच्छा आपल्या समाजांत नवीन नाहीं. परंतु एका घराण्याची मिळकत भावंडांत वांटली जाऊं नये म्हणून राष्ट्राच्या सर्वाधिकाऱ्यानें खास हुकूम काढावा, असें उदाहरण विरळाच. सन १९४३ मध्यें हिटलरनें एसेन येथील क्रुप घराण्यासाठीं असा हुकूम काढला. या घराण्याचा धंदा कोणता होता आणि त्या वारशाचें शेवटीं काय झालें, ही हकीकत प्रत्येक कुटुंबांत वाचली जावी अशी आहे.

१८११ सालीं फ्रीड्रिख क्रुप यानें पोलादाचा लहानसा कारखाना काढला. तो नीट चालला नाहीं. १८२६ सालीं तो वारला तेव्हां मागें विधवा पत्नी, चार मुलें, कर्ज आणि बोटांवर मोजण्याइतके कामगार एवढेंच उरलें. थोरला मुलगा आल्फ्रेड अवघा १४ वर्षांचा होता. आईच्या आधारानें त्यानें शाळा सोडून भट्टी सांभाळली. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत त्यानें सुमारें २ टनांची एकसंध पोलादी लगड आणि एक पोलादी तोफ मांडली, व त्याचें नांव सर्वतोमुखी झालें. आगगाडीच्या चाकांच्या बिनसांध्याच्या धांवा विकून त्यानें पैसा मिळविला. एकमेकांत गुंतलेलीं तीन कडीं हें कारखान्याचें चिन्ह त्याच धांवांचें आहे. कीर्ति मात्र तोफांनीं दिली. १८७० च्या युद्धांत फ्रेंचांच्या तोंडाकडून भरावयाच्या पितळी तोफांपुढें प्रशियाच्या मागून भरावयाच्या पोलादी तोफा वरचढ ठरल्या.

तोफेनें प्रतिष्ठा मिळाल्यावर तोफेपासून रक्षण करणारी वस्तूही याच कारखान्यानें काढली. आल्फ्रेडच्या मुलाच्या कारकीर्दींत, १८९० नंतर, युद्धनौकांसाठीं नव्या रीतीचे चिलखती तक्ते तयार होऊं लागले. निकल व क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचा तक्ता घ्यावयाचा, त्याची बाहेरची बाजू कर्बयुक्त वायूंत दीर्घकाळ तापवून मग पाण्यानें निववून अतिकठीण करावयाची, आणि आंतील भाग चिवट ठेवावयाचा, अशी ती युक्ति. कठीण पृष्ठावर गोळा फुटे, आणि मागच्या चिवटपणामुळें तक्ता तडकत नसे. इंग्लंड-अमेरिकेसह अनेक राष्ट्रांनीं ही कृति मोल देऊन घेतली. परंतु चिलखत भेदणारे गोळेही हाच कारखाना करी. तक्ता सुधारला कीं तीक्ष्ण गोळा हवा, आणि गोळा सुधारला कीं नवा तक्ता हवा. कुलुपें आणि घरफोडीचीं हत्यारें एकाच दुकानांत मिळावीं, तसाच हा प्रकार नव्हे काय?

१९०२ सालीं या मुलाच्या मृत्यूनंतर पुत्र नसल्यामुळें वारसा त्याची कन्या बर्था हिच्याकडे गेला. १९०६ सालीं कैसरच्या संमतीनें तिचा विवाह गुस्टाव्ह फॉन बोलेन याच्याशीं झाला, आणि या घरजांवयानें सासरचें क्रुप हें नांव आपल्या नांवास जोडलें. १९१४ सालीं बेल्जियममधील लीएझचे किल्ले फोडणाऱ्या ४२ सेंटिमीटर व्यासाच्या तोफेस शिपायांनीं याच गृहिणीचें नांव दिलें. त्या युद्धांतील इंग्रजी तोफगोळ्यांत क्रुपच्या पेटंटाचे फ्यूज होते. १९०२ च्या करारानें ते विकर्स कंपनी बनवीत असे. युद्ध संपल्यावर क्रुपनें त्यांबद्दल हक्काची रक्कम मागितली, आणि १९२६ सालीं तडजोड झाली. ज्या गोळ्यांनीं जर्मन मातांचे पुत्र मारले, त्यांचेही पैसे जर्मन कारखान्यानें मागावे, यापरतें दुर्दैव तें कोणतें!

१९४३ च्या हुकुमानें सर्व मिळकत बर्थेचा थोरला मुलगा आल्फ्रीड याच्या एकट्याच्या नांवावर झाली. त्या युद्धाच्या काळांत क्रुपच्या कारखान्यांतून सुमारें १ लाख परदेशी मजूर, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी यांना सक्तीनें राबविलें गेलें. त्यांत पांचशेंहून अधिक ज्यू स्त्रिया होत्या. जुलै १९४८ मध्यें न्युरेंबर्ग येथील न्यायासनानें आल्फ्रीडला १२ वर्षांची कैद व मिळकतीची जप्ती अशी शिक्षा दिली. पण १९५१ सालीं तो सुटला आणि मिळकतही परत मिळाली. आपल्याकडील राउरकेल्याच्या पोलादी कारखान्याच्या उभारणींत पुढें याच क्रुपचा हात होता.

ज्या वारशासाठीं हुकूम निघाला, त्याचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. आल्फ्रीडचा एकुलता एक मुलगा आर्न्ट यानें १९६६ सालीं वारशावर पाणी सोडलें. तें वैराग्य नव्हतें. त्याला वार्षिक नेमणूक मिळाली. १९६७ सालीं आल्फ्रीड वारल्यावर मिळकत एका लोकोपयोगी निधीकडे गेली, आणि १९९९ सालीं कंपनी थायसेन कंपनीशीं एकरूप झाली.

राष्ट्राला ढाल नको, असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. परंतु ढाल करणाराच भालाही विकतो, तेव्हां त्याच्या वहींत भयाची बाजू जमेस पडते. म्हणून अशा कारखान्यांची वही लोकांनींच वेळोवेळीं उघडून पाहिली पाहिजे. आणि आपल्यापुरतें बोलावयाचें तर, मुलांच्या हातीं मिळकत देतांना ती कशी मिळविली हेंही सांगतां यावें, एवढें पथ्य प्रत्येक घराला पाळतां येण्यासारखें आहे.