प्रिंटर घरातच आहे, फक्त पत्ता बदललाय

नवा फोन वाय-फायवर मिनिटात जोडला जातो, टीव्ही दोन मिनिटांत. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन अशी तिन्ही कामं करणारा प्रिंटर मात्र अख्खा रविवार खातो. आमच्याकडे त्याने खाल्ला. भाचीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म छापायचा होता. राउटरचा पासवर्ड तीनदा बरोबर टाकला, तरी प्रिंटरच्या बोटभर पडद्यावर एकच उत्तर : नेटवर्क सापडत नाही. शेवटी भाचीने मान वाकडी करून त्या पडद्यावरची यादी वाचली. "मामा, यात आपलं फाइव्ह-जीवालं नाव येतच नाहीये. दुसऱ्यावर टाका ना." टाकलं. लागलं.

पाचवी पिढी नव्हे!

वाय-फायच्या नावापुढे लागलेल्या त्या '५जी'चा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. तिथे 'जी' म्हणजे पिढी, इथे गिगाहर्ट्‌झ. घरचा राउटर साधारण दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे फक्त २.४ वरचंच ऐकतात. कंजूषपणा म्हणा, पण त्यात तथ्य आहे. प्रिंटरला काही सिनेमा बघायचा नसतो, आणि २.४ ची लहर भिंती ओलांडून आतल्या खोलीपर्यंत जास्त चांगली पोचते. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे प्रिंटर ओट्याशेजारी ठेवला असेल तर पोहे गरम होत असताना तो अडखळू शकतो.

जाता जाता : 'वाय-फाय' हा कशाचाच संक्षेप नाही. १९९९ मध्ये इंटरब्रँड नावाच्या, नावं शोधून देण्याचा धंदा करणाऱ्या कंपनीकडून ते बनवून घेतलं होतं.

राउटरवर 'डब्ल्यूपीएस' लिहिलेलं बटण असेल, तर पासवर्ड टाकायची कटकटही नाही. राउटरचं बटण दाबायचं आणि २ मिनिटांच्या आत प्रिंटरचं. चहा ओतून येतो म्हणालात तर दार बंद! या डब्ल्यूपीएसचा एक भाऊ आहे, आठ आकडी पिनवाला. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं आपल्याला वाटतं. पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा बरोबर आला की तसं सांगूनही टाकतो, हे २०११ मध्ये उघड झालं. म्हणजे चोराला जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. बटण वापरा, पिन बंद ठेवा.

अकरा महिने नाही, चोवीस तास

आता खरी गंमत. प्रिंटर एकदा जोडला, महिनाभर छान चालला, आणि एके सकाळी कॉम्प्युटर म्हणतो : 'ऑफलाइन'. प्रिंटर समोर बसलाय, दिवा लुकलुकतोय, वाय-फाय आहे. मग ऑफलाइन कोण?

कोणीच नाही. प्रिंटर हा तुमच्या नेटवर्कवरचा भाडेकरू आहे आणि राउटर घरमालक. वाय-फायवर येणाऱ्या प्रत्येकाला राउटर एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, पण कायमचा नाही. तांत्रिक भाषेतही याला 'लीज'च म्हणतात. आपला लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा, राउटरचा अनेकदा चोवीस तासांचा. वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, की प्रिंटरला शेजारची खोली मिळू शकते. आणि कॉम्प्युटरने जुना पत्ता पाठ करून ठेवलेला असेल, तर तो बिचारा रिकाम्या खोलीचं दार ठोठावत बसतो. एवढ्यापायी माणसं प्रिंटर उचलून दुकानात नेतात.

यावरचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये असतो : 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'. प्रिंटरच्या अंगावर बारा अक्षरी मॅक अ‍ॅड्रेस असतो, ती त्याची जन्मखूण. पहिल्या सहा अक्षरांत कंपनीचं घराणंही कळतं. या खुणेच्या माणसाला कायम हीच खोली द्या, असं राउटरला एकदा सांगून ठेवायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते प्रिंटरच्या पुस्तिकेतल्या निम्म्या पानांपेक्षा मोलाचं.

प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, घरमालक भेटलाच नाही. राउटरकडून उत्तर न आल्याने त्याने स्वतःच एक पत्ता ठरवला आणि तो जिन्यातच मुक्काम ठोकून बसलाय.

फोनला मात्र पत्ता पाठ लागत नाही. तो भर चौकात हाळी देतो, 'प्रिंटर आहे का कुणी?' आणि प्रिंटर 'मी इथे' म्हणून ओ देतो. ही हाळी द्यायला खास पत्ता राखलाय, २२४.०.०.२५१. अ‍ॅपलने २००२ मध्ये हे तंत्र 'रॉन्देव्हू' या नावाने आणलं. नावावरून वाद झाला, म्हणून २००५ मध्ये ते 'बॉन्जूर' झालं. म्हणजे फ्रेंच भाषेतली भेटीची वेळ जाऊन नुसता नमस्कार उरला. आयफोनवरून थेट छापणारं एअरप्रिंट २०१० मध्ये आलं ते याच हाळीच्या जोरावर. पाहुण्यांसाठीचं वेगळं 'गेस्ट' वाय-फाय ही हाळी सहसा अडवतं, त्यामुळे फोन तिथे आणि प्रिंटर इथे असेल तर दोघांची भेट होत नाही.

जेजेच्या आवारातून स्कॅनरमध्ये

छपाई जमली की वाटतं जिंकलो. तेवढ्यात स्कॅनर हात वर करतो, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो वेगळाच प्राणी आहे. १९९२ मध्ये स्कॅनर आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी घडवायला एक मानक ठरलं, त्याचं नाव 'ट्वेन'. हा शब्द किपलिंगच्या पूर्व-पश्चिमेवरच्या प्रसिद्ध कवितेतून घेतलाय. तिथे दोन टोकं भेटत नाहीत, आणि स्कॅनर-कॉम्प्युटरचंही तेव्हा तसंच होतं. किपलिंग जन्मला १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवत. लोकांनी नंतर ट्वेनचा फुल फॉर्म रचला तो असा : ज्याला धड नाव नाही असं तंत्रज्ञान.

जुन्या मशीनवरून थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जाणारे स्कॅन अचानक थांबले असतील, तर वर्ष आठवून पाहा. २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. ज्या जुन्या पद्धतीतली फट धरून तो पसरला, ती एसएमबी-१ पद्धत त्याच वर्षीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून वगळली जाऊ लागली. जुन्या स्कॅनरला नेमकी तीच भाषा येते.

आणि घरच्या इंकजेटवर काढतो ती झेरॉक्स मुळात झेरॉक्स नव्हेच. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली प्रत काढली ती कोरड्या पुडीने, आणि ग्रीक भाषेत झेरॉस म्हणजे कोरडं. आपली शाई ओली.

शाईच्या डब्यातला कॉम्प्युटर

प्रिंटरला आपण मिक्सरच्या रांगेत बसवतो, तिथेच चुकतं. २०१४ मध्ये मायकेल जॉर्डन नावाच्या (बास्केटबॉलवाला नव्हे!) सुरक्षातज्ज्ञाने कॅननच्या घरगुती पिक्स्मा प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर 'डूम' हा बंदूकबाजीचा गेम चालवून दाखवला. नेटवर्कवरून उघडणाऱ्या प्रिंटरच्या सेटिंग पानाला पासवर्डच नव्हता.

२०१८ च्या अखेरीस तर एका हॅकरने इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे ५०,००० प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून गाठले आणि प्रत्येकातून एक चिठ्ठी छापून काढली. खंडणी नाही, धमकी नाही. मजकूर काय, तर यूट्यूबवर प्यूडीपायला सबस्क्राइब करा. त्याला मागे टाकायला निघालेला चॅनेल होता आपला टी-सीरिज! हिंदी गाण्यांच्या धास्तीने कुठल्या कुठल्या ऑफिसांतले प्रिंटर आपोआप खडखडले.

तेव्हा प्रिंटरच्या सेटिंग पानाला पासवर्ड घाला. आणि जुना झाला म्हणून भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या मेनूत जाऊन नेटवर्क सेटिंग पुसा. तुमच्या वाय-फायचा पासवर्ड त्याला अजून पाठ आहे.