आधी पाय, मग दांडी

डेट्रॉईटच्या एका उपनगरात राहणाऱ्या आमच्या एका काकांनी १९७८ ची शेवरोले पिकअप जपून ठेवली आहे. काका निवृत्त अभियंते, गाडी ऑटोमॅटिक. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल आणि पुढचे तीन गिअर, सगळे स्टिअरिंगच्या दांड्यातून उजवीकडे निघालेल्या एका लांब दांडीवर. गाडी चालवायला देताना त्यांनी मला दांडीला हातच लावू दिला नाही. म्हणाले, "आधी पाय कुठे आहे ते दाखव."

आजच्या ऑटोमॅटिक गाडीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण गाडीच तो विचारते. ब्रेकच्या पेडलपाशी एक स्विच असतो आणि दांडीपाशी विजेवर हलणारी एक छोटी खुंटी. ब्रेक दाबला की खुंटी मागे सरते आणि मगच दांडी पार्कमधून निघते. काकांच्या गाडीत यातलं काही नाही. किल्ली काढली की दांडी पार्कमध्ये अडकते, एवढं आहे. पण किल्ली फिरवली की झालं! इंजिन बंद असलं तरी दांडी स्वतःकडे ओढून खाली घेता येते. लहान मुलाच्या हातालाही ते जमेल.

म्हणून क्रम आपण पाळायचा. उजवा पाय ब्रेकवर, तोही पेडलच्या मधोमध. ब्रेकचं पेडल रुंद असतं, तरी एका कडेला ठेवलेला पाय घसरून ॲक्सिलरेटरला लागू शकतो. पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करायचं. सुरू होताच पेडल किंचित खाली जातं; ब्रेकला इंजिनची मदत मिळू लागल्याची ती खूण. पेडल दगडासारखं घट्टच राहिलं, तर गाडी तिथून हलवायची नाही.

खरी परीक्षा मिशिगनच्या थंडीत होते. गाडी कार्बोरेटरची. गार इंजिन बंद पडू नये म्हणून चोक त्याला जोरात फिरवत ठेवतो. अशा वेळी दांडी रिव्हर्समध्ये टाकली की गाडी नुसती सरकत नाही, धक्का देऊन निघते. काका थांबतात. इंजिन थोडं तापलं की ॲक्सिलरेटरला एक हलकी टिचकी, आवाज खाली उतरतो, पाय परत ब्रेकवर आणि मग दांडी. गिअर लागल्याचा ठोका अंगाला जाणवेपर्यंत ब्रेक सुटत नाही. रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये येतानाही चाकं पूर्ण थांबलेली हवीत.

गाडी उभी करणं मला त्याहून नाजूक वाटलं. पार्क म्हणजे गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकाच्या खाचेत पडणारा धातूचा एक छोटा अडसर. या गाडीत तो फक्त मागच्या चाकांना धरतो. उतारावर सरळ पार्कमध्ये टाकून पाय काढला, तर सगळं वजन त्या अडसरावर येतं आणि निघताना दांडी हिसका मारून ओढावी लागते. काका आधी न्यूट्रल करतात, डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबतात, ब्रेक हळूच सैल करून गाडीचं वजन त्यावर टेकू देतात, पुन्हा ब्रेक दाबतात आणि मग पार्क. ज्यांनी मॅन्युअल गाडीवर घाटात हात बसवला, त्यांना हे शिकवावं लागत नाही. हँडब्रेक ओढल्याशिवाय त्यांना उतरवतच नाही. पार्कवर विसंबायची सवय ऑटोमॅटिकवरच गाडी शिकलेल्यांना अधिक.

आणि काटा पार्कवर दिसतो म्हणून पार्क लागलाच, असं नाही. दांडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या सळया, बुश झिजतात. अडसर खाचेच्या तोंडाशीच राहतो. अमेरिकेत फोर्डच्या गाड्या पार्कमधून आपोआप रिव्हर्समध्ये जातात, अशा तक्रारींवर १९७० च्या दशकाअखेर मोठा वाद झाला. सुमारे २.३ कोटी गाड्यांचा प्रश्न होता, आणि १९८० मध्ये तो मालकांना इशाऱ्याचे स्टिकर पाठवून मिटवण्यात आला. मला तो निकाल लाजिरवाणा वाटतो. यंत्राने करायचं काम कागदाच्या चिटोऱ्यावर सोपवलं गेलं.

ब्रेक दाबल्याशिवाय दांडी न सोडणाऱ्या कुलपाची कथा ऑडीपासून रंगते. ऑडी ५००० अचानक भरधाव सुटते, अशी ओरड १९८६ मध्ये टीव्हीवर गाजली. कंपनीने गाड्या परत बोलावून दांडीला ब्रेकचं कुलूप बसवलं. १९८९ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने अशा बहुतेक घटनांचं कारण सांगितलं: ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पडलेला पाय. पण हे कुलूप सक्तीचं व्हायला पुढे दोन दशकं गेली. मुलांच्या सुरक्षेसाठी २००८ मध्ये झालेल्या कायद्याने १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, पार्क असलेल्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते बंधनकारक केलं.

अशी जुनी गाडी कधी हाती आली, तर आधी हलक्या उतारावर तपासा: इंजिन बंद, दांडी पार्कमध्ये, ब्रेकवरचा पाय हळूच सैल करा आणि गाडी जरा हलून अडते का पाहा. पुढे सरकत राहिली, तर मेकॅनिकला दाखवेपर्यंत ती चालवू नका. आणि मूल आत बसलेलं असताना किल्ली गाडीत ठेवून उतरू नका, अगदी फाटक उघडण्यापुरतंसुद्धा.